कंदीलवीराची कोरी पानं

१

उमाशंकरने पाकीट फोडलं, आतले कागद टेबलावर पसरले आणि मग पाकीट उलटं करून झटकलं. अजून काही आत अडकलं असेल अशी त्याला आशा असावी. तसं काही नव्हतं. टेबलावर सहा कागद होते आणि सहाच्या सहा कोरे होते.

"ही काय मस्करी हाय का?" तो म्हणाला.

शुक्रवारची सकाळ होती. धाराशिवातल्या त्याच्या छापखान्यात आम्ही चौघं उभे होतो आणि रविवारी आमचा मेळावा होता. आमचा म्हणजे कंदीलवीराच्या वेड्यांचा. कंदीलवीर हा माझ्या लहानपणीच्या एका चित्रकथांच्या पाक्षिकाचा नायक. खांद्यावर घोंगडी, हातात कंदील, आणि रात्री-बेरात्री चोरांची खोड मोडायची हा त्याचा धंदा. एका अंकात कंदिलाचा भडका उडाला, त्याचे डोळे गेले, आणि 'पुढील अंकी' असं छापून ते पाक्षिक कायमचं बंद पडलं. मी तेव्हापासून लटकलेला आहे. मोठेपणी मी चष्म्याचं दुकान काढलं त्याचं कारणही हेच, असं माझी बायको चारचौघांत सांगते.

शेवटी आम्ही चाहत्यांनीच गोष्ट पुढे न्यायची ठरवली. लिहिते दैवशाला. ती अणदूरची, नऊ वर्षांची असताना तिची नजर गेली. तिचा कंदीलवीर बरा होत नाही. तो चोरांच्या घरात शिरतो, कंदील फुंकून विझवतो, आणि मग चाचपडतात ते चोर. पहिला अंक वाचून आम्ही गारच झालो. चित्रं काढतो मल्लेश, माकणीच्या शाळेतला चित्रकलेचा शिक्षक. रंग भरते शिवप्रिया. मेंदीच्या कोनात डिंक भरून ती प्रत्येक पानाची एक उठावाची प्रतही करते, म्हणजे न दिसणाऱ्यांना रेघ बोटांनी वाचता येते. उमाशंकर छापतो आणि सगळ्यांवर ओरडतो.

आमच्यात एक रीत आहे. अंकाची शेवटची पानं छापायच्या दिवसाआधी कुणी बघायची नाहीत. मल्लेश ती पाकिटात घालून डकवतो, जोडावर आडवी सही करतो आणि पाकीट दैवशालाकडे ठेवायला देतो. "माझ्याकडं द्या, म्या काय डोकावणार न्हाय," असं ती स्वतःच हसत म्हणाली होती. त्या दिवशी पाकीट उमाशंकर फोडतो आणि शिवप्रिया तिथेच रंग भरते.

या वेळचा शेवट मात्र भांडणाचा होता. कंदीलवीराचे डोळे परत यावेत का, यावर सगळ्या चाहत्यांची मतं घेतली. 'यावेत' जिंकलं. दैवशाला हरली, आणि ते तिला किती लागलं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पाकीट कुणाकडं होतं?" उमाशंकरने विचारलं. उत्तर ठाऊक असताना विचारतात तसं.

"मी तर काढून दिली होती बाबा," मल्लेश हळूच म्हणाला. त्याचा हात बाजूच्या चहाच्या ग्लासला लागला आणि चहा सगळ्या टेबलावर सांडला. बिचाऱ्याला धक्काच बसला असणार, असं मला वाटलं. थोड्या वेळाने तो दुपारची एसटी गाठायला निघाला. थांब म्हटलं तरी थांबला नाही.

उमाशंकरने अणदूरला दैवशालाला फोन लावून निकाल देऊन टाकला. "उद्या संध्याकाळपर्यंत पानं आली तर ठीक. न्हायतर मेळाव्यात सांगणार, दैवशाला आजपासून आपल्यात न्हाय."

शिवप्रिया खाली बघत होती. 

२

माझी बायको तारामती धाराशिवच्या कोर्टात वकील आहे. साक्षीदार तिला बघून आधी पाणी मागतात. चित्रकथा तिच्या मते रद्दीच्या भावाने विकायची वस्तू. पण दुपारी मी जेवलो नाही हे बघून तिने विचारलं आणि मी सगळं सांगितलं.

"त्या पोरीला काढलं तर तिचं काय जाईल?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "सगळंच जाईल. दिवसभर ती दूध केंद्रात फोन उचलते. लोक तिला हाताला धरून रस्ता ओलांडून देतात, तिला ओलांडायचा नसला तरी. इथे मात्र चारशे माणसं तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघतात."

ताराने माझं ताट पुन्हा पुढे सरकवलं. मग म्हणाली, "सगळे अंक आणा. आणि ते पाकीट."

ती भाजलेल्या शेंगा घेऊन बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे अंक वाचून काढले. टरफलांचा ढीग झाला. मध्ये दोनदा हसली, मी हळूच बघितलं. शेवटचा अंक मिटून तिने विचारलं, "अहो, हा माणूस कडेला काहीच का काढत नाही?"

"कोण?"

"तुमचा मल्लेश. आधीच्या अंकांत पान कसं गच्च भरलेलं आहे. झाडं, कुत्री, ओट्यावरच्या बायका. पुढे पुढे सगळी माणसं मध्ये गोळा होतात आणि चारी कडा काळ्या."

मला हसू आलं. "शैली आहे ती! चाहत्यांनी त्यावर पानं पानं लिहिलंय. वाचता वाचता आपणच आंधळे होत चाललोय असं वाटतं. दैवशालाची डोकॅलिटी."

"दैवशालाने सांगितलं तसं काढायला?"

"तीच लिहिते म्हटल्यावर तिनेच सांगितलं असणार की."

"असणार," तारा म्हणाली. कोर्टात हा शब्द ती ज्या सुरात म्हणते त्या सुरात. मग तिने पाकीट खिडकीशी धरलं आणि झाकणाची आतली बाजू मला दाखवली. जिथे डिंक लागतो, तिथे वाळलेल्या डिंकाच्या खाली पिवळ्या बोटाचा ठसा होता.

मी बोट लावून बघितलं. हळद होती.

"अणदूर," मी म्हणालो. "खंडोबाचा भंडारा." आमच्यात अणदूरची एकच होती.

३

शनिवारी सकाळी आम्ही गाडी काढून अणदूर गाठलं. दैवशाला ओसरीवरच बसली होती.

"या काका. काकू बी आल्यात व्हय? म्हंजी आता माझी उलटतपासणी."

"आधी चहा, मग उलटतपासणी," तारा म्हणाली.

चहा दैवशालानेच केला. तिचा हात डब्यांवरून असा फिरत होता की मी माझ्या दुकानात एवढ्या सहज फिरत नाही. कप हातात आल्यावर ताराने सरळ विचारलं, "शेवट तुला नको होता ना?"

"न्हाय, नकोच होता. काकू, गोष्टीत आंधळा माणूस आला की लोकांना दोनच गोष्टी सुचतेत. एक तर त्याचे डोळे बरे करायचे, न्हायतर त्याला मारून टाकायचं. मधी जगणं हाय का न्हाय काही? पण मतं पडली, म्या हरले. मग शेवट लिहिला, आन् मन लावून लिहिला. माकणीच्या धरणावर दिवस उगवायलाय, भिंतीवर समदा गाव जमलाय, आन् कंदीलवीर एकेक तोंड बघायलाय. मल्लेशदादाला म्हणलं, दोन पानं भरून काढ, एक माणूस सोडू नगंस."

ताराने माझ्या पिशवीतून मल्लेशच्या हातचं एक जुनं मूळ पान काढून तिच्या मांडीवर ठेवलं. "हे काय आहे सांग बरं."

दैवशालाने ते उचललंही नाही. "मल्लेशदादाचं पान. त्याच्या शाईला कापराचा वास येतोय की. आन् कागद बघा, शाई पिऊन कसा पापडावानी वाकडा झालाय."

"मग मंगळवारी मल्लेशने पाकीट दिलं तेव्हा?"

 ओठांशी नेलेला कप तसाच राहिला.

"नेहमीसारखंच होतं," ती म्हणाली.

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं लगेच कळतं. तारा पुढे गेली. "पाकिटाला भंडारा लागलाय."

"म्या तर आठवडाभर देवळात न्हाय गेले. बुधवारी शिवप्रिया आलती दर्शनाला. तिनंच माझ्या कपाळाला लावला."

"बरं. आणि पानांच्या कडा काळ्या करायची कल्पना तुझीच ना?"

"कसल्या काळ्या कडा?"

मी चकित झालो. मीच तिला समजावून सांगितलं, पानाच्या चारी बाजूंनी काळोख कसा आत येतो, चित्र कसं मधल्या गोलात उरतं. सांगताना माझ्या लक्षात आलं, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. उठावाच्या प्रतीत कडेला रेघच नसते, त्यामुळे तिच्या बोटांना ती जागा नुसती रिकामी लागत होती. सगळ्या जगाने तिच्या प्रतिभेचं कौतुक केलं, फक्त तिच्या कानावर ते कधी आलं नाही.

"कवापासून?" तिने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"झाले असतील पाचसहा अंक."

तिने कप खाली ठेवला. "अरे देवा," ती पुटपुटली. "एवढं पुढं गेलंय?"

काय पुढे गेलंय, हे विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात दार वाजलं. दारात शिवप्रिया उभी होती, डोळे रडून सुजलेले.

"ताई," ती म्हणाली, "ते पाकीट मी उघडलं होतं."

४

शिवप्रियाला बसवलं, पाणी दिलं. मग ती बोलायला लागली.

"मला राहवत नव्हतं. मल्लेशसरांनी धरण कसं काढलंय ते बघायचंच होतं. मीही तेच चित्र घरी काढून बघितलेलं. माझं बरं की त्यांचं, एवढंच. बुधवारी दैवशालाताई चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा पाकीट बाथरूमात नेऊन गिझरच्या गरम पाण्याच्या वाफेवर धरलं."

"म्या म्हणलं, ही एवढा वेळ काय करायलीय आत," दैवशाला म्हणाली. या परिस्थितीतही तिला हसू आलं.

"आत काय होतं?" ताराने विचारलं.

"कोरे कागद. मी घाबरले. रीत मोडली म्हणून मलाच धरतील. परत चिकटवलं आणि गप्प बसले. काल सगळे ताईंना बोलत होते तेव्हाही गप्प बसले. रात्रभर डोळा लागला नाही मला."

मला तिचा राग आला आणि लगेच गेलाही. त्या वयात मीही दुसऱ्याचं पाकीट उघडलं असतं.

"नीट आठवून सांग," तारा म्हणाली. "तू उघडलंस तेव्हा डिंकाचे थर किती होते?"

"एकच. पातळसा. आणि सरांची सही जोडावर अगदी सलग होती. परत चिकटवताना ती जुळवायला मला केवढा त्रास झाला. जरा हललं की रेघ तुटायची."

तारा माझ्याकडे वळली. वळली ती माझ्याकडे, पण बोलत होती सगळ्यांना ऐकू जाईल असं. "म्हणजे शिवप्रियाच्या आधी ते पाकीट कुणी उघडलेलं नव्हतं. दैवशालाने उघडलं असतं तर डिंक दोनदा लागला असता. आणि शाईची सही बोटांना लागत नाही. जी रेघ हिला सापडत नाही, ती ही जुळवणार कशी? उमाशंकर म्हणतात पाकीट हिच्याकडे होतं म्हणून हिनेच केलं. मला विचाराल तर आपल्या सगळ्यांत ही एकटीच ते करू शकत नाही."

"मग बदलले कुणी?" मी विचारलं.

"कुणीच नाही. बदलायला आत आधी काही असावं लागतं. पाकीट माकणीहून कोरंच आलं."

 शिवप्रियाला पटेना. "सर? सर कशाला असं करतील? सात वर्षं झाली, एक अंक चुकवला नाही त्यांनी."

"ते मला नाही ठाऊक," तारा म्हणाली. "पण दैवशालाला ठाऊक आहे. मंगळवारी पाकीट हातात आल्याबरोबर तिला कळलं होतं की आत कापराचा वास नाही आणि कागद सपाट आहेत. तरी ती गप्प बसली. काल तिच्यावर चोरीचा आळ आला, तरीही गप्प."

दैवशालाने मान खाली घातली. "काकू, ते माझं सांगायचं न्हाय," ती म्हणाली.

५

"मग मी विचारते, तू फक्त चूक असेल तिथे अडव," तारा म्हणाली आणि तिने हात माझ्याकडे केला. "अहो, मल्लेशचा चष्मा कसा आहे हल्ली?"

जखमेवर मीठच. "मला नको विचारू. चार वर्षं माझ्याकडून घेत होता. या वेळी माझं दुकान सोडून दुसरीकडून घेतला. नवी फ्रेम दिसली तेव्हापासून मी त्याच्याशी नीट बोललेलो नाही."

"मोटारसायकल?"

"विकली. पेट्रोल परवडत नाही म्हणतो. एसटीने येतो आणि उजेड असेपर्यंत परत जातो. काल चहाचा ग्लासही..."

मी तिथेच थांबलो.

ग्लास त्याच्या डाव्या हाताशी होता. समोर बघताना बाजूचं त्याला दिसलंच नव्हतं. मोटारसायकल, संध्याकाळच्या आत घर, पानाच्या मध्ये गोळा होणारी माणसं, काळ्या कडा. आणि माझं दुकान सोडून जाणं. तो माझ्यावर रुसला नव्हता. डोळे तपासणाऱ्या ओळखीच्या माणसापासून तो लांब पळत होता. त्याचे वडील बसप्पा म्हातारपणी पूर्ण आंधळे झाले होते, तेही मला माहीत होतं.

"काचबिंदू," मी म्हणालो. "दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेने खात खात आत येते. आणि आम्ही त्याला शैली म्हणत होतो!"

दैवशाला रडत होती. पुसायचा प्रयत्नही तिने केला नाही.

"मला चारसहा महिन्यांपासनं शंका होती," ती म्हणाली. "दादा आधी टपाटप चालत यायचा. मग बोळातनं येताना भिंतीवरनं हात घासत यायला लागला. तो आवाज मला ठाव हाय, काकू. म्या नऊ वर्षांची असताना तशीच चालायचे. मंगळवारी कोरं पाकीट हातात आलं, तवा कळलं. पण कडांचं आजच ऐकलं. एवढं गेलं असंल असं न्हाय वाटलं."

"आणि आळ आला तरी बोलली नाहीस?"

"माझे डोळे चालले तवा समद्या गावाला ठाव होतं. शेजारपाजार यायचे, च्‌ च्‌ करायचे. मला मात्र शेवटी सांगितलं. ज्याचं हाय ते त्यानंच सांगायचं असतंय. दादाचं म्या चव्हाट्यावर न्हेलं असतं, तर माझ्यात आन् त्यांच्यात फरक काय?"

 ताराने तिचा हात हातात घेतला. वकिलीचा सूर गेला होता.

"तू चुकली नाहीस, बाळ. पण इथे गप्प बसणं महाग पडतंय. हे सांगतील."

"गेलेली नजर परत येत नाही," मी म्हणालो. "पण उरलेली राखता येते. थेंबांनी, वेळेवर गेलं तर. एकेक महिना मोलाचा असतो."

दैवशालाने तोंड वर केलं. "उरलेली राहती? बसप्पाकाकांसारखं न्हाय होणार?"

"त्यांनी थेंब घातलेच नाहीत कधी. कुणी सांगितलंच नाही त्यांना."

ती उठली, कोपऱ्यातली काठी बरोबर हातात घेतली. "मग बसून काय राहिलाव, काका? गाडी काढा की."

६

माकणीला मल्लेश घरी एकटाच होता. खिडकीखालच्या टेबलाशी, दिवसाढवळ्या दिवा लावून. आम्हा चौघांना दारात बघून त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. टेबलाखाली अर्धवट काढलेल्या कागदांचा ढीग होता.

दैवशाला त्या ढिगापर्यंत गेली, वाकली आणि म्हणाली, "हितं हाय व्हय कापूर. म्या म्हणलं, गेला कुठं."

मल्लेशने चेहरा हातांनी झाकला.

"दोन पानांचं चित्र होतं ते," तो म्हणाला. "धरणाच्या भिंतीवर शेकडो माणसं. एका टोकाला काढायला गेलो की दुसरं टोक हरवायचं. एकाच माणसाला दोन ठिकाणी काढलं. लहान चौकटी जमायच्या, कडेला काय काढलं ते सापडायचं न्हाय म्हणून काळं करून टाकायचो. आन् लोक म्हणाले, वा! मग काय बोलणार? आन् खरं सांगू का दैवशाला, कंदीलवीराचे डोळे परत द्यायला माझा हातच उठंना. त्याचे यायलेत आन् माझे चाललेत. म्हणलं, पाकीट हरवलं असं होईल, चोरीबिरी झाली असं होईल. तुझ्यावर यील असं न्हाय वाटलं ग. काल उमाशंकर बोलला तवा मला तोंड उघडता आलं न्हाय. माझी नोकरी चित्रकलेची हाय. घरात बसप्पा अण्णांचं बघितलंय म्या."

"मला सांगायचं होतंस," दैवशाला म्हणाली. "दुसऱ्या कुणाला न्हाय, पण मला?"

"तुझ्यापुढंच लाज वाटली."

"माझ्यापुढं? म्हंजी माझ्यासारखं होणं ही लाजायची गोष्ट हाय?" ती इतकी रागावली होती की मल्लेश दचकून वर बघायला लागला. "सात वर्षं तू माझा कंदीलवीर काढायलास. तो कंदील विझवतो तवा घाबरतो का? मग तू का घाबरायलास?"

 त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं, हे मला दिसलं.

मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसलो. एक डोळा झाकायला लावला, माझ्या नाकाकडे बघ म्हटलं आणि बाजूने बोटं आत आणत गेलो. दिसली की सांग. बोटं खूप आत आल्यावर तो "दिसली" म्हणाला. मग दुसरा डोळा. तो बराच चांगला निघाला. मला हायसं वाटलं आणि ते मी लपवलं नाही.

"सोमवारी सोलापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात. मी गाडी घेऊन येतो. कारण सांगितलंस तर तुला उचलून नेईन."

"आन् उद्याचं?" त्याने विचारलं. "उमाशंकरला काय सांगायचं?"

शिवप्रिया आतापर्यंत दाराशी उभी होती. ती पुढे आली. "सर, तुम्हाला मधला भाग नीट दिसतो ना? मग तेवढाच काढा. कडा मला द्या."

मल्लेशने तिच्याकडे बघितलं. मग दैवशालाकडे.

"मधी काय काढू?"

"चाहत्यांची मतं पडलीत, त्याचे डोळे परत द्यायचे," मी आठवण केली. मंडळाचा सभासद म्हणून मला ते करावंच लागलं.

दैवशाला विचार करत राहिली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. "काका, शेवट बदलायचा झाला तर तो चाहत्यांसमोर बदलायचा. चोरून न्हाय. उद्या मल्लेशदादा सांगंल, म्या सांगीन. मग त्यांनी परत मतं द्यावीत."

मल्लेशने दिवा जवळ ओढला. पान नवं घेतलं.

७

रविवारी दुपारी मेळाव्याचं सभागृह भरलं होतं. कुणी घोंगडी पांघरून आलं होतं, कुणी कंदील घेऊन. मल्लेश माईकपाशी गेला आणि चार वाक्यांत सांगितलं. डोळ्यांना काचबिंदू झालाय. काळ्या कडा म्हणजे शैली नव्हती. कोरी पानं मीच दिली. दैवशालाचा काही दोष नाही. एवढं बोलून तो खाली उतरला.

उमाशंकर उठला. मला वाटलं, आता ओरडणार. तो दैवशालासमोर जाऊन उभा राहिला. "चुकलो, ताई. लई चुकलो," एवढंच म्हणाला आणि मोठ्याने नाक शिंकरलं.

मग पडद्यावर पान दाखवलं. शिवप्रियाने दोन्ही कडांना माकणीचं धरण पसरवलं होतं, पाणी, भिंत, शेकडो माणसं, गर्दीत माझ्यासारखा एक चष्मेवालाही, टकलासकट. मध्ये मल्लेशचा लहानसा गोल. त्यात कंदीलवीर, मिटलेल्या डोळ्यांचा, गर्दीकडे कान लावून हसणारा. त्याच्या हातात कंदील नव्हता. तो त्याने शेजारच्या म्हातारीला धरायला दिला होता, कारण तिला अजून उजेड लागत होता.

दैवशालाने चित्राचं वर्णन आणि खालची ओळ स्वतः वाचून दाखवली, बोटांनी, उठावाच्या प्रतीवरून. मग हाच शेवट ठेवायचा का, यावर हात वर करून मतं घेतली. मी मोजले नाहीत. मोजायची गरजच नव्हती. विरोधात जे थोडे होते त्यांच्यात एक हात माझा होता. मला लहानपणापासून त्याचे डोळे परत यायला हवे आहेत, त्याला मी काय करू? पण टाळ्या मीही वाजवल्या.

सोमवारी सोलापूरच्या डॉक्टरांनी मल्लेशला दोन तास तपासलं. उशीर झालाय, म्हणाले, पण गाडी सुटलेली नाही. रोज थेंब घालायचे, दर थोड्या महिन्यांनी दाखवायचं. शाळेत तो अजून शिकवतो. आता तो पोरांना कागदाच्या कडेपासून चित्र सुरू करायला लावतो, आणि चष्मा माझ्याकडून घेतो.

परवा पुढच्या अंकाचं पाकीट झालं. मल्लेशने ते माझ्या दुकानातच दैवशालाच्या हातात दिलं, जोडावर आडवी सही करून. ताराही कोर्टातून येऊन बसली होती. ती आता अंक छापायच्या आधी मागते, पण ते तिला कुणासमोर कबूल करायचं नसतं.

दैवशालाने पाकीट नाकाशी धरलं. मग दोन्ही तळव्यांत घेऊन हलकेच दाबलं.

"शाई हाय," ती म्हणाली. "आन् दादा, चौथ्या पानावर लई सांडलीया."

मल्लेश खो खो हसला. "बघायचं न्हाय असं ठरलंय ना आपलं?"

"म्या कुठं बघायलेय?" दैवशाला म्हणाली आणि पाकीट पिशवीत घालून दाराकडे निघाली.